प्रमाणपत्र भिंतीवर, माणूस कुठे?

भिवंडीतील निजामपुरा हा यंत्रमागांच्या खडखडाटात जागा होणारा आणि त्याच खडखडाटात झोपी जाणारा भाग. शहराच्या महापालिकेच्या अधिकृत नावातच या जुन्या वस्तीला स्थान मिळालेले आहे. ऐन तारुण्यात मागावर उभे राहून, बारा-बारा तासांच्या पाळ्या करून ज्या पिढीने देशाला कापड पुरवले, ती पिढी आता साठी-सत्तरीच्या घरात पोहोचली आहे. कुणाला ऐकू येईनासे झाले, कुणाचे गुडघे कुरकुरू लागले, कुणाची छाती कापसाच्या तुसाने भरून आली. या तक्रारी जाणवतात, म्हणून त्यांवर उपायही शोधला जातो. परंतु जो विकार दुखत नाही, खुपत नाही, झोप उडवत नाही, तो उच्च रक्तदाब या पिढीच्या धमन्यांत मुकाट्याने आपले काम करीत राहतो. मग एके दिवशी पहाटे हात उचलत नाही, तोंड वाकडे होते, शब्द अडखळतात, आणि तेव्हा घरच्यांना आठवते की, बीपीची गोळी संपून तीन आठवडे झाले होते.

गोळी संपणे ही घटना वरवर पाहता किरकोळ. पगार लांबला, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद हरवला, शेजारच्या कुणी 'एकदा सवय लागली की गोळी सुटत नाही' अशी भीती घातली, किंवा नुसतेच बरे वाटू लागले. कारण कोणतेही असो, गोळी थांबली हे सर्वांत आधी ज्याच्या ध्यानी येऊ शकते, असा जाणकार माणूस समाजात एकच आहे. तो म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातील औषधनिर्माता. वृद्ध गृहस्थ रिकामी पट्टी दाखवतात, 'यातल्या दहा द्या' म्हणतात, कात्रीने पट्टी कापली जाते, पैसे गल्ल्यात पडतात आणि व्यवहार संपतो. मागच्या दहा गोळ्या केव्हा नेल्या होत्या, मध्ये किती दिवस खाडा पडला, दाब शेवटचा कधी मोजला, यांपैकी एकही प्रश्न विचारला जात नाही. या न विचारलेल्या प्रश्नांची किंमत मात्र पुढे एका कुटुंबाला आयुष्यभर मोजावी लागते.

ही किंमत केवळ निजामपुऱ्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १८ कोटी ८३ लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतील निम्म्याहून अधिकांना आपल्याला हा विकार आहे याचा पत्ताच नाही आणि ज्यांचा दाब खरोखर आटोक्यात आहे, त्यांचे प्रमाण फारच थोडे आहे. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीचा पहिला अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनी आपल्याला रक्तदाबाचे निदान झाले असल्याचे सांगितले. ज्यांचे निदानच झाले नाही, ते या गणतीच्या बाहेर राहिले. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढील लोकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. त्यानंतर ते वाढतच आहे. महाराष्ट्र म्हातारा होत आहे आणि त्याच्या म्हातारपणाची तयारी मात्र तरुणपणाच्या हिशेबानेच चालली आहे, असे म्हणावे लागते.

पक्षाघात झाला की, भिवंडीसारख्या शहरात घड्याळाशी शर्यत सुरू होते. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गंभीर रुग्णाला ठाणे, कळवा किंवा मुंबई गाठावी लागते आणि वाटेत गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगा उभ्या असतात. रुग्ण वाचला तरी अंथरुणाला खिळतो. मग सून कांडी भरण्याचे काम सोडते, नातवाची शाळा सुटते, दागिना सावकाराकडे जातो. एक माणूस आजारी पडतो आणि तीन माणसांची मिळकत बुडते. घरातील वृद्ध स्त्रीची कथा तर याहून करुण. नवऱ्याची गोळी आणायला ती स्वतः दुकानात जाते, पण आपला दाब कधी मोजून घेत नाही. तिच्या डोकेदुखीचे खापर उन्हावर, धुरावर आणि 'वया'वर फोडले जाते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क झाले. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे आहेत. राज्यभर 'आपला दवाखाना' सुरू झाले. जनऔषधी केंद्रांनी गोळ्यांच्या किमती बाजारभावाच्या निम्म्याहून खाली आणल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेचे कवच मिळाले. हे सारे स्वागतार्हच आहे. पण यांतील आयुष्मानचे कवच रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येते. रोज सकाळी घ्यायच्या गोळीचा आणि ती न घेण्याच्या सवयीचा प्रश्न त्याने सुटत नाही. उंबरठ्याबाहेर रुग्णवाहिका उभी करण्याची व्यवस्था झाली, ती बोलवावी लागू नये याची व्यवस्था व्हायची आहे.

ती होऊ शकते, हे याच महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्र व राज्यांची आरोग्य खाती आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून नोव्हेंबर २०१७ मध्ये 'भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्यात कोणतेही नवे चमत्कारी औषध नव्हते. मोजक्या, स्वस्त औषधांचा ठरलेला क्रम, औषधाचा अखंड पुरवठा, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम हातात देणे, डॉक्टरांच्या जोडीने परिचारिका, आरोग्यसेवक आणि औषधनिर्माता यांनी कामाचा वाटा उचलणे, आणि जो रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही त्याला शोधून परत बोलावणे, एवढीच त्याची शिदोरी. २०२२ पर्यंत हा उपक्रम २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला, ३४ लाखांवर रुग्णांची नोंद झाली, उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब आटोक्यात आला आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला. साधी शिस्त काय करू शकते, याचा हा पुरावा आहे.

परंतु हा उपक्रम शासकीय आरोग्य केंद्रांचा. निजामपुऱ्यातील कष्टकरी सकाळची पाळी बुडवून सरकारी रांगेत उभा राहायला सहजी तयार होत नाही. तो खासगी दवाखान्यात जातो आणि बहुधा थेट औषधाच्या दुकानातच जातो. सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत उघडे असलेले, भेटीची वेळ न मागणारे, तपासणी शुल्क न घेणारे असे आरोग्यव्यवस्थेतील हे एकमेव दार आहे. या दाराशी जाणकार माणूस उभा असावा, अशी तरतूद कायद्याने केव्हाच केलेली आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्याचाच आहे. भारतीय फार्मसी परिषदेने २०१५ मध्ये केलेल्या नियमांनी तर रुग्णाला समुपदेशन करणे हे त्याचे कर्तव्यच ठरवले. औषधाचे नाव काय, ते कशासाठी, केव्हा व किती दिवस घ्यायचे, दुष्परिणाम कोणते, एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हे सांगणे ही काही त्याची मेहेरबानी नव्हे, ते त्याचे काम आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात फेरफटका मारावा. चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र भिंतीवर असते, त्यावरचा माणूस मात्र अनेकदा दुकानात नसतो. प्रमाणपत्र भाड्याने देण्याच्या प्रथेची चर्चा या व्यवसायात उघडपणे होते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने एका दशकापूर्वी औषधनिर्मात्याच्या उपस्थितीचा आग्रह धरून कठोर तपासण्या केल्या, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, हे अनेकांना आठवत असेल. दुसरीकडे पदविका देणाऱ्या महाविद्यालयांचे पीक आले. परिषदेने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांना पाच वर्षे स्थगिती दिली, पण ती २०२२ मध्ये न्यायालयात टिकली नाही. पदवी मिळालेल्या तरुणाला दुकानात मिळणारे वेतन असे की, त्याने शिकलेले औषधशास्त्र विसरून खोके मोजावेत. ज्ञान आहे पण त्याला गिऱ्हाईक नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला हे ज्ञान उपलब्ध आहे याची कल्पना नाही, अशी ही विचित्र कोंडी आहे.

वास्तविक, वृद्ध रुग्णासाठी हा औषधनिर्माता काय काय करू शकतो, याची नुसती यादी केली तरी आश्चर्य वाटेल. आयुष्यभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाची कंबर आणि गुडघे दुखणारच. त्यासाठी तो दुकानातून वेदनाशामक गोळ्या मागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि दाबाच्या औषधाचा परिणाम कमी होतो. म्हणजे एका हाताने दाबाची गोळी आणि दुसऱ्या हाताने दाब वाढवणारी गोळी, असा सौदा एकाच काउंटरवर घडत असतो. तो थांबवण्यासाठी 'आजोबा, तुम्हाला बीपी आहे का?' एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. सर्दीसाठी मागितल्या जाणाऱ्या, नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांचेही तेच.

रॅमिप्रिल, एनालॅप्रिल या औषधांनी काहींना कोरडा खोकला येतो. बिचारा रुग्ण खोकल्याच्या बाटल्यांमागून बाटल्या नेतो. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांना सूज येते आणि सुजेसाठी आणखी एक औषध सुरू होते. दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या व्यापारी नावांनी लिहिलेली औषधे आतून एकच असतात आणि वृद्ध माणूस दोन्ही इमानेइतबारे घेत राहतो. चक्कर येऊन तो पडतो, खुब्याचे हाड मोडते. हे सारे ज्याच्या नजरेसमोरून दररोज जाते, त्याने ते ओळखून रुग्णाला पुन्हा डॉक्टरांकडे धाडले, तर केवढा अनर्थ टळेल! अॅटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी बंद करणे हृदयरोग्याला जिवावर बेतू शकते, लघवी वाढवणारी गोळी शक्यतो सकाळी घ्यावी, अंथरुणातून उठताना आधी क्षणभर बसावे, या गोष्टी सांगायला प्रत्येकी अर्धे मिनिट लागते.

आहाराचेही असेच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, सुकट, खारा बांगडा आणि फरसाण यांतून किती मीठ पोटात जाते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. उपवासाचे सैंधव दाबाला चालते, हा गैरसमज घरोघरी आहे. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ आहे. सोडियम कमी असलेले मीठ बाजारात मिळते, पण त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. एकादशी असो वा रोजा, उपवासाच्या दिवसांत गोळीची वेळ कशी सांभाळायची, हे त्या दिवसांच्या आधीच विचारले गेले पाहिजे. निजामपुऱ्यात रमजानच्या आधीच्या पंधरवड्यात आणि अन्यत्र चातुर्मासाच्या प्रारंभी हा विषय औषधाच्या दुकानात निघाला, तर किती घरांतील धोका टळेल!

औषध देणाऱ्याचे स्थान वैद्याच्या बरोबरीने मानण्याची दृष्टी या भूमीला परकी नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय सांगितले. वैद्य, औषध, सेवा करणारा आणि स्वतः रुग्ण. यातील एक पाय लंगडा असला तरी चिकित्सा उभी राहत नाही. आधुनिक काळात रक्तदाबाच्या उपचाराला दिशा देण्यातही मुंबईचा वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम शास्त्रशुद्ध रीतीने अभ्यासून १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वेधले आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. या अभिमानाचा अर्थ आज कुणी सर्पगंधेची पूड मनाने घ्यावी असा मात्र नाही. त्यापेक्षा सुरक्षित औषधे आता उपलब्ध आहेत. वकिलांचा खरा वारसा आहे तो मोजून, तपासून, नोंद ठेवून उपचार करण्याचा.

जगाने ही दिशा केव्हाच पकडली आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत एक प्रयोग झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्च रक्तदाब असलेल्या ३१९ पुरुषांपैकी काहींना त्यांच्या नाभिकाच्या दुकानातच प्रशिक्षित औषधनिर्माता भेटत असे. तो डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार उपचार करी. सहा महिन्यांत या गटाचा वरचा दाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना केवळ डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला गेला, त्यांचा उतरला सुमारे ९ अंकांनी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून चाळिशीपुढील नागरिकांचा दाब औषधाच्या दुकानांत नि:शुल्क मोजण्याची योजना सुरू झाली. माणूस जेथे विश्वासाने जातो, तेथे उपचाराने जावे, हे त्यामागचे साधे सूत्र आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. डॉक्टर म्हणतील, दुकानदार डॉक्टर बनू पाहतील. ही भीती निराधार नाही. चिठ्ठीविना औषधे देण्याची सवय देशात खोलवर रुजलेली आहे. म्हणूनच सीमारेषा स्पष्ट हवी. निदान आणि औषधबदल डॉक्टरांचा. मोजणे, समजावणे, नोंद ठेवणे आणि वेळीच डॉक्टरांकडे पाठवणे औषधनिर्मात्याचे. दुसरा आक्षेप व्यापाराचा. ज्याचे पोट विक्रीवर आहे, तो वेदनाशामक घेऊ नका असे कशाला सांगेल? प्रश्न रास्त आहे. परंतु महिन्याच्या महिन्याला न चुकता येणारा, आपला शब्द मानणारा रुग्ण हा खरा ग्राहक असतो, हे कोणताही जुना व्यापारी जाणतो. मोठ्या सवलतींच्या दुकानांशी आणि घरपोच औषध देणाऱ्या कंपन्यांशी झुंजणाऱ्या गल्लीतल्या दुकानदाराकडे आज एकच भांडवल उरले आहे, ते म्हणजे ओळख आणि विश्वास. सवलतीची लढाई तो हरेल. विश्वासाची मात्र जिंकू शकतो.

सुरुवात कोठून करायची? भिवंडीकडे त्याचेही उत्तर आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. पोलीस आणि सर्व समाजांचे नागरिक नियमितपणे एकत्र बसू लागले, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. जे शहर गल्लीगल्लीतून दंगलीचा ज्वर उतरवू शकले, त्याला गल्लीगल्लीतून रक्तदाब उतरवणे अशक्य नसावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. निजामपुऱ्यातील दहा-बारा औषध दुकानांनी पुढाकार घ्यावा. प्रत्येक दुकानात तपासून घेतलेले दाबमापक यंत्र, एक खुर्ची आणि एक वही असावी. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दाब दोनदा मोजावा. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नसावी. आकडा रुग्णाच्या कार्डावर लिहून द्यावा. १४०/९० च्या वर वारंवार आकडा आला तर डॉक्टरांकडे चिठ्ठी द्यावी. १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे असे काही असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात धाडावे. आणि जो नेहमीचा रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही, त्याच्या घरी एक निरोप जावा. हिंदी, उर्दू, तेलुगू, मराठी अशा ज्या भाषेत घरात बोलले जाते, त्याच भाषेत तो जावा.

महापालिकेने आपल्या आरोग्य केंद्रांतील औषधनिर्मात्यांना या कामी प्रशिक्षक म्हणून नेमावे. परिसरातील फार्मसी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना काही आठवडे या वस्तीत पाठवावे. पाठ्यपुस्तकातील 'रुग्ण समुपदेशन' हे प्रकरण त्यांना निजामपुऱ्याच्या ओट्यावर खऱ्या अर्थाने कळेल. स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेने संदर्भाची पद्धत ठरवून द्यावी. सेवाभावी मंडळांनी आणि उत्सव समित्यांनी मंडपाच्या खर्चातील अल्पसा वाटा दाबमापक यंत्रांसाठी द्यावा. अन्न व औषध प्रशासनाने मात्र एक गोष्ट ठामपणे करावी. प्रमाणपत्र आणि माणूस एकाच छताखाली असतील, याची खातरजमा करावी. हे झाले नाही, तर बाकी सारे उपाय वाळूवरचे ठरतील.

दरवर्षी १७ मे रोजी जागतिक उच्च रक्तदाब दिन आणि २५ सप्टेंबरला जागतिक औषधनिर्माता दिन साजरे होतात. भाषणे होतात, फलक लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'यातल्या दहा द्या' सुरू होते. मोठ्यांच्या पाया पडल्यावर 'शतायुषी भव' असा आशीर्वाद मिळण्याची या समाजात परंपरा आहे. घेतलेल्या आशीर्वादाची परतफेड करण्याची पाळी आता पुढच्या पिढीवर आली आहे. ज्या हातांनी या शहराचे कापड विणले, त्या हातांतील बळ अखेरपर्यंत टिकावे, यासाठी दुकानातल्या माणसाने गल्ल्यावरून नजर उचलून एकच विचारायचे आहे, 'काका, मागची गोळी संपून किती दिवस झाले?'